भिंतीवरचे सात तीन आणि एक

३३३३३३३१. सात तीन आणि शेवटी एक. या आकड्याचा मी जेवढा राग केला तेवढा माणसांपैकी एकाचाच केला, आणि तो माणूस म्हणजे हा आकडा शाळेच्या भिंतीवर रंगवून घेणारे आमचे मुख्याध्यापक देवकर सर. आकड्यावरचा राग पुढे उतरला. सरांवरचा उतरलेला नाही. लोक म्हणतात, वय वाढलं की माणूस माफ करायला शिकतो. माझं वय वाढलंय, मी बाकी बरंच काही शिकले, हे शिकले नाही आणि शिकायचंही नाही.

शाळेची दर्शनी भिंत रस्त्याकडे होती. मुरमाचे ट्रक दिवसभर त्या रस्त्याने टेकडीवरच्या बंगल्यांच्या स्कीमकडे जायचे आणि भिंतीवर तांबडी धूळ बसायची. तरी निळ्या ऑइलपेंटातली ती अक्षरं यष्टीतूनसुद्धा वाचता यायची. वर ‘देवकर श्रेणी’. खाली एकाखाली एक ३१, ३३१, ३३३१, असं वाढत वाढत ३३३३३३३१ पर्यंत. आणि तळाला, हार घातलेल्या फोटोखाली लिहितात तसं वळणदार: ‘तीन कितीही लिहा, शेवटी एक लिहा, संख्या मूळच!’ मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच निःशेष भागू शकत नाही, काहीतरी बाकी उरतेच. सरांचं म्हणणं, हा शोध त्यांचा. तालुक्यात कुणी नाही म्हणालं नाही, कारण तालुक्यात भागून बघायला कुणाला वेळ होता?

एकीनं विचारलं होतं. माझी थोरली बहीण विमल, आमची आक्का. ती नववीत असताना सरांनी वर्गात ही श्रेणी फळ्यावर काढली, आणि आक्का उभी राहून म्हणाली, “सर, पुढं कितीबी तीन लिवले तरी भाग जानार न्हाई, हे कशावरनं?” एवढंच. उद्धटपणा नव्हता, आक्काला उद्धटपणा येतच नव्हता, तो सगळा माझ्या वाट्याला आलेला. सर हसले. म्हणाले, “कशावरून? मी सांगतोय त्यावरून. तुझ्या वडिलांनी खाचरात रोपं लावली तर तू विचारतेस का, भातच येईल कशावरून?” वर्ग हसला. तिला तास संपेस्तोवर उभं ठेवलं. आणि वर्षाच्या शेवटी नववीत नापास केलं. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा तो असा. जरा कच्चं वाटेल, किंवा जरा जास्त विचारेल, ते पोर नववीलाच अडवायचं, म्हणजे दहावीच्या परीक्षेला ते पोचतच नाही. सरांनी आमच्या वडिलांना, आबांना, बोलावून सांगितलं, “मुलीच्या डोक्यात गणित शिरत नाही. उगाच वर्षं घालवू नका.” आबांसाठी सरांचा शब्द म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. पुढच्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं आणि ती महाळुंग्याला गेली.

माले गावातल्या आमच्या घरात त्यानंतर एक आवाज कमी झाला. आक्का स्वयंपाक करताना पाढे म्हणायची. भाकरी थापताना सतराचा, एकोणिसाचा, तेविसाचा, थापेच्या तालावर. आईला ते आवडायचं नाही, म्हणायची, “देवाचं म्हन की कायतरी.” आक्का गेल्यावर आईच एकदा चुलीपुढे बसून म्हणाली, “आता भाकर लईच गप झाली.” पुढे मी पौडला अकरावीला जायला लागले आणि गावच्या तरुण मंडळाच्या पोरांत मिसळले. बंगल्यांच्या स्कीमने आमच्या ओढ्याचं पाणी वर अडवलं होतं, त्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढायचो. छापायचो सलीमभाईंच्या प्रेसमध्ये. पौडच्या बाजारातलं त्यांचं दुकान म्हणजे एक पायाने चालणारं यंत्र, खिळ्यांची कपाटं, आणि लग्नपत्रिकांचे ढीग. लिहायला मला शाळेने शिकवलं नाही, सलीमभाईंनी शिकवलं. माझं पहिलं पत्रक वाचून ते म्हणाले होते, “कुंदे, ह्यात तू सात जनांना शिव्या दिल्यात. लोक एकच शिवी ध्यानात ठिवत्यात. कुटली ठिवायची ती ठरव.”

आक्काच्या मनातून दहावी गेली नव्हती. दाजी हिंजवडीच्या कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, माणूस सरळ. तो म्हणाला, “बस परीक्षेला, कोन आडवतंय?” बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो आक्काच्या जुन्या शाळेतूनच जायचा होता, मुख्याध्यापकांच्या सहीने. अडवणारा तिथेच बसला होता.

आक्का, आबा आणि मी, तिघं गेलो. सरांनी फॉर्म हातातसुद्धा घेतला नाही. आबांना खुर्ची दिली, आम्हांला नाही. म्हणाले, “हिचा निकाल माझ्या शाळेच्या नावावर लागणार. नापास झाली तर डाग कुणाला?” आबा मान हलवत राहिले. मग सरांना जुनी गोष्ट आठवली आणि ते खुलले. “हीच ना ती, कशावरून विचारणारी? असं कर. माझ्या श्रेणीत एक चूक काढून आण. त्या दिवशी सही करतो.” आणि शिपायाकडे बघून हसले. शिपाईही हसला, त्याला हसणं भाग होतं. आक्काने बाहेर येऊन चपला घातल्या आणि म्हणाली, “गनपतीनंतर फारम घ्येनं बंद हुतंय.” मी म्हणाले, “आक्के, त्याची भितच फोडू.”

मी हे रागाने म्हणाले होते, पण केलं तेच, अक्षरशः. भिंतीवरचा शेवटचा, सगळ्यांत मोठा आकडा धरला. आंदोलनातल्या माणसाला जे रंगवलेलं दिसतं त्यावरच तो तुटून पडतो, ही आमची खोड. ३३३३३३३१ ला भागणारा एक आकडा सापडला की काम झालं.

आमच्याकडे भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, सावड असते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी तुझ्या, मजुरी कुणी कुणाला देत नाही, ज्याचं शेत त्याने जेवू घालायचं. मंडळाच्या पोरांना मी म्हणाले, आकड्याची सावड करू. पोरं आधी हसली. मग पका म्हणाला, “त्या देवकरनं मला बी नववीत आडवलंय. कुटं बसायचं सांग.” असे निघाले बरेच. त्या शाळेने शंभर टक्के निकालासाठी केवढी पोरं वाटेत टाकली होती ते मला तेव्हा कळलं.

सगळ्या आकड्यांनी भागायची गरज नसते, हे मी अकरावीत शिकले होते. कुठल्याही संख्येचे दोन तुकडे पडले तर त्यांतला लहान तुकडा तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. म्हणजे पाच हजार सातशे त्र्याहत्तरच्या पुढे जायचं नाही, आणि त्याच्या आतसुद्धा फक्त मूळ संख्यांनीच भागायचं. तरी त्या साडेसातशेच्या आसपास भरल्या. दोन आणि पाच लगेच बाद, शेवटी एक आहे. तीन बाद, कारण अंकांची बेरीज बावीस. बाकीच्या सगळ्या आम्ही खाचरातल्या ओळींसारख्या वाटून घेतल्या. प्रत्येकाने आपापल्या घरातला, दुकानातला कॅल्क्युलेटर आणला. आवणी उरकली होती, श्रावण चालू होता, दुपारनंतर कुणाच्या तरी पडवीत बसायचं. ज्याचं घर त्याने जेवण द्यायचं. आमच्या घरी आईने खेकड्यांचा रस्सा आणि नाचणीची भाकरी केली. हाताला खेकडा लागलेला, त्याच हाताने पोरं बटणं दाबायची, टकटक टकटक, बाहेर पत्र्यावर पाऊस, आत हा आवाज. आई म्हणाली, “कोंबड्या दानं टिपाय बसल्यात जनू.” सलीमभाई एकदा दुकान बंद करून आले आणि त्यांनीही आपल्या ओळी मागून घेतल्या.

एके दिवशी पका ओरडला, “ग्येलं! एकशेएकनं ग्येलं!” सगळी पोरं उठून नाचायला लागली. त्याच्या कॅल्क्युलेटरवर खरंच पूर्ण आकडा दिसत होता, ३३००३३, पुढे काही नाही. मी मागे जाऊन बघितलं, गड्याने शेवटी एकाच्या जागी तीनच दाबला होता. त्याला महिनाभर पोरं ‘एकशेएक’ म्हणून हाका मारायची, कुणी रामराम घालायचं सोडून “काय एकशेएक, बरं हाय का?” म्हणायचं.

गणपती बसले आणि सावड संपली. एकही आकडा लागला नाही. मी सगळ्यांच्या ओळी पुन्हा फिरवून घेतल्या, एकाच्या दुसऱ्याला. नाहीच. ३३३३३३३१ खरोखर मूळ संख्या होती. अख्खी पोरं घेऊन आम्ही सरांची फुशारकी तपासून, शिक्का मारून दिली होती. मला रडू आलं नाही, मला त्या आकड्याला चावावंसं वाटलं. सलीमभाई म्हणाले, “बिल्डरपेक्षा पक्का निगाला की ह्यो. ह्याला ना वशिला चालतो ना पत्रक.”

गौरीला आक्का माहेरी आली. तिला मी सगळं सांगितलं, ओळी, सावड, एकशेएक. ती ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे अशी बघायला लागली जशी आई करपलेल्या भाताकडे बघते.

“कुंदे, ह्यालाच का धरून बसलात?”

“भितीवर ह्योच मोठा हाय.”

“भित संपली म्हनून आकडं संपलं का गं? त्यो तर म्हनतोय, कितीबी तीन लिवा. आनखी एक तीन लिवायचा.”

मी म्हणाले, “त्यो कॅल्क्युलेटरात बसत न्हाई, आक्के.” आणि म्हणता म्हणता थांबले. आमच्या सगळ्यांच्या कॅल्क्युलेटरची खिडकी आठ आकड्यांची. भिंतीवरचा शेवटचा आकडाही आठच आकडी. सरांनी नऊ आकडी संख्या कधी तपासलीच नव्हती! तेही आमच्यासारखेच खिडकी संपली तिथे थांबले होते, आणि तिथून पुढे थेट ‘कितीही’ लिहून मोकळे झाले होते.

आक्काला कॅल्क्युलेटर लागत नव्हता. सलीमभाईंनी दिलेल्या, चुकीच्या छापलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिने आठ तीन आणि एक लिहिला. सातने भागलं, बाकी दोन. अकराने नाही. तेराने बाकी सहा. मग सतरा. तेहतीस, सतरा एके, सोळा उरले. एकशेत्रेसष्ट, सतरा नव्वे, दहा उरले. ती पूर्वी भाकरीवर म्हणायची त्याच आवाजात पुढे पुढे जात होती. शेवटचा अंक खाली उतरवला आणि एकावन्न झाले.

“सतरा त्रिक एकावन्न,” आक्का म्हणाली. खाली शून्य लिहिलं आणि पेन ठेवला.

महिनाभर आम्ही ज्याच्या डोक्यावर बसलो होतो त्या आठ आकडी संख्येला सतराने भागलं तर बाकी तीन उरते. ते तीन मी स्वतः लिहून ठेवले होते. श्रेणीतला पुढचा आकडा म्हणजे आधीच्याची दसपट आणि वर एकवीस. तीन दाहे तीस आणि एकवीस, एकावन्न. चूक आमच्यापासून एका पावलावर उभी होती. आज माझ्या पोराच्या फोनवर हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. होऊ दे. त्या पत्रिकेच्या पाठीवरचं शून्य मला अजून दिसतं.

मला लगेच प्रेसला पळायचं होतं. आक्काने मनगट धरलं. “मला सही पायजे. त्याचं नाक न्हाई पायजे.” ती आणि दाजी गुपचूप सरांकडे गेले, भागाकार दाखवला. सरांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवली. “बघतो,” म्हणाले. दोन दिवसांनी गेली, सर बाहेर. पुन्हा गेली, मीटिंग. आणि चौकात फलक लागला: श्रेणीच्या शोधाबद्दल देवकर सरांचा भव्य सत्कार, हस्ते बंगल्यांच्या स्कीमचे मालक. फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. आक्का फलक बघून घरी आली, पदर खोचला आणि म्हणाली, “आता तुझं चालू दे.”

पत्रक मी एका ओळीचं लिहिलं. ‘३३३३३३३३१ ला १७ ने भागा.’ खाली भागाकाराला कोरी जागा. नाव नाही, शिवी नाही. सलीमभाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदा काही कापलं नाही.

सत्काराच्या मांडवात पोरांनी ते खुर्च्याखुर्च्यांवर ठेवलं. लोकांना वाटलं कार्यक्रमपत्रिका. भाषणं चालू झाली आणि मांडवातून एक गुणगुण उठायला लागली, सतरा नव्वे त्रेपन्नासे, सतरा सक बिदोन. म्हातारी माणसं जुने पाढे पुटपुटत होती. मास्तरलोक खिशातली पेनं काढत होते. एकाने शून्य आल्यावर शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. पाहुणे सरांच्या कानाशी वाकले. सर माइकवर आले आणि म्हणाले, “काही विघ्नसंतोषी लोकांनी छपाईत एक तीन जास्त टाकला आहे.” मागून सलीमभाई उभे राहिले, “सर, छापलंय मी. तीन मोजून बशिवल्यात, आठ हायेत. तुमीच म्हनलाय ना कितीबी लिवा?” मांडव हसला. आक्काला उभं ठेवून वर्ग हसला होता त्याहून मोठ्याने. सरांच्या गळ्यातला हार तेव्हा मी डोळे भरून बघितला. मला फार बरं वाटलं. इथे मी काहीतरी सभ्य लिहावं अशी अपेक्षा असेल, तर नाही लिहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या ओसरीवर. हातात पेढे. आबा लगबगीने घोंगडी अंथरायला लागले. सर म्हणाले, “झालं ते झालं. मी फॉर्मवर सही करतो. तुम्ही फक्त एक दुरुस्तीचं पत्रक काढा. त्यात लिहा, विद्यार्थ्यांनी शोधावी म्हणून सरांनी चूक मुद्दाम ठेवली होती. सगळ्यांचीच अब्रू राहील.” आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “काढ की गं. येवढे मोटे मानूस दारात आल्यात.” मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्का आतून फॉर्म घेऊन आली.

“दुरुस्ती काढतो, सर,” ती म्हणाली. “काय लिवायचं ते आमी बघू. श्रेणीतली चूक आनल्यावर सही करतो म्हनला हुता, ती करा आदी.”

सरांनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सही केली. शाळेचा शिक्काही त्यांनी पिशवीतून आणला होता, तो मारला. आक्काने शाई वाळेपर्यंत फॉर्म हातात धरून ठेवला. दाजींच्या गाडीवर बसून ती स्वतः पुण्याला बोर्डाच्या कचेरीत गेली, फॉर्म भरून, पोच घेऊन संध्याकाळी परत आली. मी चुलीपुढे होते. ती शेजारी बसली, पिठाची परात ओढून घेतली आणि पहिली भाकरी थापता थापता म्हणाली, “घे कागद. दुरुस्ती लिवायची हाय ना?”

“आता कशाला? सही तर झाली.”

“सबूद दिलाय म्या. लिव.”

आणि तिने सांगायला सुरुवात केली. सत्काराच्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच चालू होतं: ३१ ने सुरुवात करायची, बाकी धरायची, तिची दसपट करायची, एकवीस मिळवायचे, पुन्हा एकतिसाने भागायचं. बाक्या एकतिसाच्या आतल्याच असणार, मग कितीही फिरल्या तरी कधीतरी जिथून निघाल्या तिथे येणारच. ती भाकरी थापत बाक्या म्हणत होती, एकवीस, चौदा, सहा, एकोणीस, आणि मी बोटांवर मोजत होते. शेवटी बाकी एक आली. एकाचे दहा, दहात एकवीस, एकतीस. शून्य. म्हणजे सरांच्या श्रेणीला मोडायला बाहेरचा सतरा यायचीसुद्धा गरज नव्हती. आज मला माहीत आहे की त्या भिंतीवरचा एकेक आकडा पुढे जाऊन आपल्याच श्रेणीतल्या कुणाला तरी भागतो, आणि असं न संपता होत राहतं. हे सगळं मी नंतर पुस्तकांत वाचलं. आक्काने ते भाकरीबरोबर काढलं होतं.

पत्रक दुसऱ्या दिवशी बाजाराला वाटलं. एक प्रत आक्काने स्वतः शाळेत नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली. ते असं होतं:

‘दुरुस्ती. आधीच्या पत्रकात देवकर श्रेणी १७ मुळे मोडते एवढंच सांगितलं होतं. ते अपुरं होतं. सोळा वेळा तीन लिहा, शेवटी एक लिहा आणि ३१ ने भागा. ३१ हा सरांच्याच यादीतला पहिला आकडा आहे. ही चूक सरांनी मुद्दाम ठेवली होती का, हे त्यांनाच विचारावं. विमल, इयत्ता दहावी.’